दुपारी तीनचं तापमान

पुणे, ६ एप्रिल

ती. बाबा यांना,
सप्रेम जयभीम वि. वि.

फोनवर तुम्हाला हॅलोच्या पुढचं काही ऐकू येत नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मी दहा ओळी लिहिल्या तरी तुम्ही नुसता अंगठा पाठवता. म्हणून पुन्हा पत्र. तीस वर्षं फोर्जिंगच्या शेडमध्ये घणाशेजारी उभे राहिलात आणि कान कंपनीतच ठेवून आलात. पण तुमचे डोळे आणि अक्षर अजून ठणठणीत आहे, आणि मला सध्या नेमकं तेच हवंय.

सोयगावच्या मुलींच्या वसतिगृहाचं तुम्हाला माहीत आहेच. तिथं वर एक मजला चढवायचाय, अठ्ठेचाळीस खाटांचा. रत्नमाला मावशीची नात प्रेरणा जूनपासून त्या वसतिगृहात राहणार आहे, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात तिची खाट याच मजल्यावर असेल. संस्थेपुढं दोन नकाशे आहेत. एक कंत्राटदाराचा: चार इंची भिंती आणि वर लोखंडी पत्रे. दुसरा माझा, आपल्या घरासारखा: आत पोकळी ठेवून रचलेली वीटभिंत, पश्चिमेला जाळी, स्लॅबवर उपडी गाडगी आणि त्यावर पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी. पत्र्याखाली मुली मे महिन्यात कशा भाजून निघतील हे मी संस्थेच्या अध्यक्षांना, नानासाहेबांना, तासभर समजावलं. ते शांतपणे म्हणाले की कागदावरचा गारवा त्यांना नको, माणसं राहतात अशा घरातला दाखवा. यंत्रानं नोंदलेले आकडेही नकोत, यंत्र माझंच असणार. राहत्या माणसाच्या हातची, सहीची वही हवी. पंचवीस मेला बैठक आहे आणि त्याच दिवशी निर्णय होणार.

राहतं घर म्हणजे आपलंच. हे सगळं एकत्र केलेलं माझं एवढं एकच काम आहे. सोबत दोन तापमापक पाठवते. एक हॉलमध्ये पंख्यापासून लांब लावा, दुसरा बाहेर उत्तरेच्या भिंतीवर सावलीत. सकाळी नऊ, दुपारी तीन आणि रात्री नऊ अशा तीन नोंदी. तीनची सगळ्यात महत्त्वाची. आणि नियम पाठ आहेत ना? सकाळी आठला खिडक्या-दारं बंद, पडदे ओढलेले. संध्याकाळी सातनंतर सगळं सताड उघडं. रात्रीचा गारवा भिंतींनी पिऊन घ्यायचा आणि दिवसभर पुरवायचा, एवढीच त्या घराची युक्ती आहे. दिवसा दार उघडं राहिलं तर गाडगी, जाळ्या, पोकळ्या सगळं पाण्यात.

आईला सांगा, कूलर आणायचा नाही, सगळे आकडे बिघडतील. एक उन्हाळा कळ काढा. मुली अठ्ठेचाळीस आहेत आणि त्यातली एक आपली आहे.

तुमचा लोभ आहेच, तो यंदा वहीच्या पानांवरही दिसू द्या.

आपली,
विशाखा


चिकलठाणा, छ. संभाजीनगर
२० एप्रिल

चि. विशाखास,
अनेक उत्तम आशीर्वाद. जयभीम.

पार्सल सुखरूप मिळालं. तू सांगितलंस तिथंच दोन्ही तापमापक लावले. शेजारचा बद्रीनाथ येऊन चार वेळा बघून गेला. त्याला वाटतं, वीज कंपनीनं गुपचूप दुसरं मीटर बसवलंय. वही मी कंपनीच्या रजिस्टरसारखी आखली आहे. तारीख, वेळ, आत, बाहेर, सही. लाल रेघा, निळी शाई. बघून खूश होशील.

पहिल्या दहा दिवसांची नक्कल सोबत जोडली आहे. दुपारी तीनला बाहेर एकेचाळीस-बेचाळीस आणि आत एकतीस, साडेएकतीस, फार तर बत्तीस. तुझं घर पहिल्या वर्गात पास आहे. गाडगी वर चढवताना कॉलनीतले लोक मला हसले होते की कडुबाची पोरगी छतावर दही लावतेय. आता त्यांच्याकडं कूलर घरघरतात आणि आम्ही पंख्यावर आहोत.

जयंती जोरात झाली. चौदा तारखेला दुपारी बारापासून आपल्याच हॉलमध्ये सगळे जमले. चाळीसेक माणसं असतील. पताका लावल्या, दोन पातेली सरबत संपलं, लहान पोरांनी भाषणं केली. मला एकही ऐकू आलं नाही, पण मी टाळ्या सगळ्यांच्या आधी वाजवल्या.

तुझी आई बरी आहे. हल्ली तिला दुपारी न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर अंग टाकायची हौस आली आहे. पाय सुजतात म्हणते. साठी उलटली, दुसरं काय. दोन माठ होते, तिसरा आणला. तू काळजी करू नकोस, ही नक्कल नानासाहेबांकडं पाठवून दे.

आमच्यावरची माया पाऱ्यासारखी वरखाली होऊ देऊ नकोस, एवढंच मागणं.

तुझा,
बाबा


पुणे, २८ एप्रिल

ती. बाबा यांना,
सप्रेम जयभीम वि. वि.

तुमची नक्कल मिळाली त्या दिवशी मी ऑफिसात पेढे वाटायचीच राहिले होते. अक्षर बघून आमचे साहेबसुद्धा म्हणाले की असं रजिस्टर आता बघायला मिळत नाही. त्याच दिवशी माझी सही आणि शिक्का मारून ती नानासाहेबांना पाठवली. त्यांचा उलट निरोप आला की आकडे चांगले आहेत, असेच शेवटपर्यंत राहिले तर विचार करू. बाबा, नानासाहेबांच्या तोंडून विचार करू हे ऐकायला मी दीड वर्ष घालवलंय.

मग रविवारी निवांत बसून पुन्हा वाचलं आणि डोकं फिरलं. चौदा तारखेला तुम्ही दुपारी तीनला आत साडेएकतीस लिहिलंय. त्याच पत्रात तुम्हीच सांगता की बारापासून हॉलमध्ये चाळीस माणसं होती. चाळीस माणसं, दार उघडं, बाहेर बेचाळीस, आणि आत साडेएकतीस? असं होत नाही. हे कसं झालं ते मला सांगा.

दुसरी गोष्ट. परवा दुपारी अडीचला आईला फोन केला. मागं टरबूजवाला ओरडत होता, तीन बायका हसत होत्या आणि बद्रीनाथकाकांच्या कडूबाई डब्याचं झाकण मागत होत्या. म्हणजे भर अडीच वाजता दार उघडं होतं. आईला विचारलं तर ती म्हणाली की होय, आत्ताच उघडलं. तिचं आत्ताच मला चांगलं माहीत आहे. घर बांधताना मी शंभर वेळा समजावलं, स्वयंपाकघरात कागद चिकटवला, वेळा लिहून दिल्या. गेल्या दहा वर्षांत मी तुम्हा दोघांकडं काहीही मागितलं नाही. फक्त एक दार मागते आहे, तेही सकाळी आठ ते संध्याकाळी सात. इतकं अवघड आहे का?

आईला हे पत्र वाचून दाखवा. मुद्दाम मोठ्यानं वाचा, तिला राग आला तरी चालेल.

तुमचा लोभ गृहीत धरते, दाराचं मात्र लेखी उत्तर हवं.

आपली,
विशाखा


चिकलठाणा, ५ मे

चि. विशाखास,
आशीर्वाद. जयभीम.

तुझं पत्र तुझ्या आईला वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती. पत्र संपलं तेव्हा तिनं शेवटची भाकरी अशी काही आपटली की मलाही ऐकू आलं.

चौदा तारखेचं म्हणशील तर तीनला गर्दीत भिंतीपर्यंत हात पोचेना. मी सकाळी साडेआठचा आकडा धरला. एका दिवसाचं एवढं काय घेऊन बसलीस? बाकीचे दिवस बघ. पुढच्या पंधरा दिवसांची नक्कल जोडली आहे. बाहेर त्रेचाळीस झालं, आत बत्तीसच्या वर नाही.

दाराचं मी तिला बोललो. तिचं म्हणणं असं की दिवसा बंद दार म्हणजे एक तर घरचे गावाला गेलेत, नाही तर घरात मयत झालंय. आपल्याकडं तसंच समजतात हे काही खोटं नाही. नव्या घरात आलो तेव्हा सुरुवातीला दोन दिवस तिनं दार लावलं होतं, तर कडूबाई रडवेली होऊन विचारायला आली की कोण गेलं. तिसऱ्या दिवशी दार उघडलं ते उघडलंच. आता तू तिकडून बंद करायला सांगतेस, ही इकडून उघडते, आणि कडीला दोन्हीकडून ओढावं तसं माझं झालंय. सकाळी मी पडदे ओढतो, ही माझ्या मागं येऊन सारते. आमचं चाळीस वर्षांत एवढं भांडण झालं नव्हतं. आणि मला तर तिचं भांडण ऐकूही येत नाही, तिला ते लिहून दाखवावं लागतं. त्यात दोन वह्या संपल्या.

जास्त खोलात जाऊ नकोस. आकडे चांगले आहेत. पंचवीस तारीख होऊ दे, मग घराचं काय करायचं ते बघू.

लोभ वाढवायला सांगत नाही, आहे तेवढाच टिकव.

तुझा,
बाबा


चिकलठाणा, ११ मे

लाडके विशाखा,
जयभीम. तुला लई आशीर्वाद.

हे माझं तुला पयलंच पत्र. साक्षरता वर्गात शिकलेली अक्षरं हायेत, हसू नको. फोनवर सांगावं तं घरात सदा चार बाया बसलेल्या. आन तुझा बाप आयकत नाय, पर माझ्या तोंडाकडं बघून काय तरी लपवतीय हे वळखतो. म्हणून तो पोस्टात गेला तवा लिवायला बसले.

मंगळवारी मला भोवळ आली. न्हाणीघरातच पडले. बद्रीनाथनं रिक्षात घातलं, दवाखान्यात दोन सलाईन लावले. डाक्टर म्हणला उन्हाचं हाय, घर गार ठेवा. मला हसू आलं. आता बरी हाय, घाबरू नको.

घरी आल्यावर म्या त्या भिंतीवरच्या काचंकडं बघितलं. दुपारचे तीन वाजले व्हते आन आत अडतीस व्हतं. आकडे मला वाचता येतात. मग वही उघडली तं त्यात त्या दिवसाचे बत्तीस आधीच लिवलेले, सही सुद्धा. तुझा बाप सकाळच्या चहासंगं दिवसभराचे तिन्ही आकडे लिवून मोकळा व्हतो. रोजच. म्या इचारलं कामून असं करता, तं वही उचलून कपाटात ठेवली.

आता दाराचं आयक. तुझ्या बापानं तुला मयतीचं सांगितलं आसंल. ते खरं हाय, पर तेवढंच नाय. मी लहान व्हते तवा आमी गावात उन्हातान्हाचं पाणी मागायला जायचो तं आमाला बघून दारं लागायची. माणसं घरात असायची, आतून बोलणं आयकू यायचं, आन दार लागायचं. तवाच म्या मनात ठरवलं व्हतं का माझं सवताचं घर झालं तं दिवसा त्याचं दार लागणार नाय. कुणी यावं, बसावं, पाणी प्यावं. ते तुझ्या कागदावर मावत नाय त्याला मी काय करू?

आन नकाशा काढताना म्या तुला म्हणलं व्हतं, म्होरं ओसरी ठेव. बाया ओसरीत बसतील, उन्हातनं आलेलं माणूस टेकंल. तू लाल पेनानं फुली मारली. जागा वाया जाती म्हणली. ओसरी असती तं तिचं दार म्या उघडं ठेवलं असतं आन आतलं दार खुशाल लावून घेतलं असतं. तुझं बी झालं असतं, माझं बी.

मी उद्या रत्नमालाकडं शेतावर जाते, धा दिवस. बापाला लई बोलू नको, त्यानं तुझ्यासाठीच केलं. पर ते आकडे संस्थेत दाखवू नको. तिथं प्रेरणाला झोपायचं हाय.

माया ठेव. राग आला तरी ठेव.

तुझी आई,
मनकर्णाबाई


पुणे, १५ मे

बाबा,
जयभीम.

नीट मायना लिहीत बसले तर कागद फाटेल, म्हणून एवढ्यावर भागवते.

आईला सलाईन लागलं आणि मला ते नऊ दिवसांनी कळतं, तेही तिनं चोरून लिहिलेल्या पत्रातून. काल तिच्याशी फोनवर बोलले. मावशीच्या शेतावर लिंबाखाली खाट टाकून झोपते आहे, पायाची सूज उतरली आहे. त्यामुळं आता तुमच्यावर चिडायला मी मोकळी आहे.

का केलंत बाबा? मला पास करायचं होतं का? हा शाळेचा निकाल नव्हता. त्या आकड्यांवर माझी सही आहे, माझा शिक्का आहे. तुम्ही पहिल्याच दिवशी खरा आकडा लिहिला असता तर मी त्या रात्रीच्या गाडीनं आले असते. दाराचं बघितलं असतं, आईशी बोलले असते, हातात दीड महिना होता. आता दहा दिवस उरलेत. तुमच्या बत्तीसवर भरवसा ठेवून मी निवांत बसले आणि तिकडं आई फरशीवर पडत होती. तुम्ही रोज सही करताना तिच्याकडं बघत नव्हता का?

आणि माझा स्वतःवरचा राग तर विचारूच नका. ती फुली मला आठवते. ओसरी काढून टाकून मी आठ फूट वाचवले होते आणि त्यात तुमच्या पुस्तकांचं कपाट बसवलं होतं. आईला म्हणाले होते की हल्ली ओसरीत कोण बसतं. तिच्याकडं रोज दहा-बारा माणसं येतात हे मला माहीत नव्हतं का? वारा कुठून येतो, ऊन किती वाजता कुठल्या भिंतीवर पडतं, सगळं मोजलं. माणसं कुठून येतात ते मोजलं नाही. मग त्याच आईला मी दारावरून टाकून बोलले.

नानासाहेबांना आजच कळवलं आहे की पहिल्या महिन्याचे आकडे मी मागं घेते, कारण बैठकीत सांगेन. त्यांचं काही उत्तर आलेलं नाही. आता मेहरबानी करून जे दिसेल ते लिहा. चाळीस दिसलं तर चाळीस लिहा.

लोभ आहे, पण आज तो माझ्याकडं मागू नका.

विशाखा


चिकलठाणा, २० मे

चि. विशाखास,
आशीर्वाद. ते मी बापाच्या हक्कानं देतो, घ्यायचे की नाही ते तू ठरव.

तू विचारलंस का केलं. तीन दिवस विचार करून लिहितो आहे. कंपनीत भट्टीचं रजिस्टर माझ्याकडं होतं. दर तासाला भट्टीचा आकडा लिहायचा. साडेअकराशे पाहिजे म्हणजे साडेअकराशे लिहायचं, काटा हजारावर असला तरी. ज्यानं हजार लिहिलं त्याला साहेबाच्या केबिनमध्ये उभं राहून जाब द्यावा लागायचा. म्हणून शिफ्टला आलं की चहा पिता पिता आठही तासांचे आकडे भरून टाकायचे, ही तिथली रीत होती. मी तीस वर्षं तेच केलं. चुकीचं करतोय असं कधी वाटलं नाही. तुझी वही आली, मी रेघा आखल्या. पहिल्या दिवशी तीनला बघितलं तर पारा सदतीसवर होता. माझ्या मनात आलं की हे लिहिलं तर पोरीला नानासाहेबांपुढं उभं राहून जाब द्यावा लागेल. मी एकतीस लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून बघितलंच नाही.

तुझी आई पडली त्या दिवशीही वही आधी भरलेली होती. ते मी विसरू शकत नाही आणि तिला तोंड दाखवायची लाज वाटते.

ती गेल्यापासून मी दार बंद ठेवलं आहे. तुझे नियम जसेच्या तसे पाळले. आठ दिवस झाले. तीनला बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस, आत तेहतीस, एकदा साडेबत्तीस. हे आकडे खरे आहेत. रोज बद्रीनाथला बोलावून दाखवतो आणि त्याची सही घेतो. तुझं घर खरंच गार आहे, विशाखा. भिंतीला पाठ टेकली की बरं वाटतं. पण मला तिथं राहवत नाही. ऐकू येत नसल्यानं मी माणसांच्या तोंडाकडं बघून दिवस काढतो, आणि बंद दाराआड बघायला कुणी नाही. चौथ्या दिवशी कडूबाईनं खिडकी वाजवली, मला कळलं नाही. तिनं माणसं गोळा केली. दार फोडायच्या बेतात होते तेव्हा मी पडदा सारला, हातात चहाचा कप. मग सगळ्यांनी मिळून मला शिव्या घातल्या, त्या मात्र मला समजल्या.

पंचवीसला मी सोयगावला येतो. आकडे माझ्या सहीचे आहेत, जाब मी देणार. तू मध्ये बोलायचं नाही.

लोभ राहिला असेल तर बसस्टँडवर घ्यायला ये.

तुझा,
बाबा


पुणे, २ जून

ती. बाबा यांना,
सप्रेम जयभीम वि. वि.

बैठकीला आठ दिवस झाले. हे पत्र मी चौथ्यांदा लिहिते आहे.

तुम्ही त्या दिवशी इतकं चांगलं बोललात. टेबलाला हात टेकवून उभे राहिलात आणि सरळ सांगितलंत की पहिल्या महिन्याचे आकडे खोटे आहेत, ते मी लिहिले, मुलीला ठाऊक नव्हतं. मग मी तीन गोष्टी मांडल्या. आई दार उघडं ठेवून राहते तेव्हा अडतीस. बंद घरात तुम्ही एकटे असता तेव्हा तेहतीस. आणि नवा नकाशा, ज्यात मुलींना दिवसभर बसायला पुढं मोठी ओसरी आहे, तिचं दार उघडं राहील आणि झोपायच्या खोल्या मागं बंद, गार राहतील. नानासाहेब उठले, तुमचे दोन्ही हात हातात घेतले, काही तरी बोलले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. तुम्ही माझ्याकडं वळून हसलात.

ते काय बोलले हे तुम्ही मला बाहेर आल्यावर खुणेनं विचारलंत आणि मी नुसती होकारार्थी मान हलवली. तुम्ही स्टँडवर पेढे घेतलेत. बसमध्ये शेजारच्या बाईला दोन दिलेत आणि मुलींसाठी गार खोल्या होणार म्हणून सांगितलंत. बाबा, तुम्हाला सांगायचं म्हणजे मला भरल्या बसमध्ये ओरडावं लागलं असतं. पण हे निमित्त झालं. पर्समध्ये पेन होतं, तिकिटाची मागची बाजू कोरी होती. मी पेन काढलं नाही. तुम्ही घराच्या स्टॉपवर उतरलात, मी तशीच पुण्याच्या गाडीत बसले.

नानासाहेब म्हणाले की असा खरं बोलणारा माणूस त्यांनी फार दिवसांत पाहिला नाही. मग बसले आणि त्याच आवाजात लिपिकाला म्हणाले की कामाचं बोलू. एक वही खोटी निघाली. दुसरी एकट्या माणसाच्या बंद घराची आहे. तिसरी गोष्ट अजून कुठं बांधलेलीच नाही. त्यांनी राहत्या घराचे आकडे मागितले होते आणि ते आमच्याकडं नाहीत. चार मिनिटांत ठराव झाला. वसतिगृहावर पत्रे बसणार आहेत, बाबा. जूनमध्येच काम सुरू होणार आहे. मला उलट बोलता आलं नाही, कारण ते चुकीचं काहीच म्हणाले नव्हते. याचाच जास्त त्रास होतो.

आठ दिवस मी तुम्हाला खोटा आकडा दाखवला. तुमच्यावर एवढी चिडले आणि वेळ आल्यावर मीही तेच केलं.

आईला सांगा की चौदा तारखेला मी गवंडी घेऊन येते. कपाट हलवू, पुढची भिंत फोडू. ओसरी किती रुंद हवी ते तिनं स्वतः पावलांनी मोजून ठेवायचं, मी फक्त लिहून घेणार.

लोभ कमी झाला तर तसं स्पष्ट कळवा.

आपली,
विशाखा


चिकलठाणा, ७ जून

चि. विशाखास,
आशीर्वाद.

पत्र मिळालं. वाचून तुझ्या आईला दिलं.

तू मला का सांगितलं नाहीस? मी काय लहान मूल आहे? मला बसमध्ये गाठून, तिकिटावर एक शब्द लिहून दाखवायचा होता. मी काही तिथं कोसळलो नसतो. त्याऐवजी मी हिंडत राहिलो. तुला कल्पना नाही मी किती हिंडलो. कॉलनीतली चौदा घरं केली. प्रत्येक घरी पेढा दिला आणि सांगितलं की माझ्या पोरीचा नकाशा पास झाला. विहारात सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी हात जोडले. कंपनीतला जुना दोस्त भेटला, त्याला सायकलवरून उतरवून सांगितलं. तू आठ दिवस गप्प राहिलीस तेवढ्यात मी एवढं सगळं करून बसलो.

आता मला कळलं की माझे आकडे खोटे निघाले तेव्हा तुझं काय झालं असेल. कळलं म्हणून राग कमी झाला असं मात्र समजू नकोस.

काल सकाळपासून परत निघालोय. घरोघरी जाऊन सांगतो की ते चुकीचं होतं, तिथं पत्रेच बसणार. लोक काही तरी बोलतात, समजूत घालत असावेत. मी थांबत नाही, पुढच्या घरी जातो. नऊ घरं झाली, पाच राहिली आहेत. विहाराचं रविवारी करीन.

तुझी आई ओसरी मोजत नाही. तू ये, मग बघू म्हणते.

रत्नमालाला आम्ही बैठकीच्या दिवशीच फोन केला होता. तिनं प्रेरणाला जवळ बोलावलं आणि तुझी खोली गार असणार म्हणून सांगितलं. पोरगी उड्या मारत होती, असं तुझी आई म्हणाली. काल संध्याकाळपासून तुझी आई फोन हातात घेते आणि ठेवून देते. मी पत्र लिहायला बसलो, तारीख टाकली, पुढं हात चालला नाही. चौदा घरं मी करीन. रत्नमालाला तू कळव.

लोभ आहे. तो नसता तर एवढा संताप झाला नसता.

तुझा,
बाबा